गीडो व्हॅन हेल्टन: धान्याच्या सायलोंवर रंगवलेली माणसं

मंदार_मेलबर्न

मेलबर्नला पाहुणे आले की आपण त्यांना ग्रेट ओशन रोड दाखवतो, फिलिप आयलंडचे पेंग्विन दाखवतो. उत्तर-पश्चिमेच्या विमेरा-मॅली पट्ट्यात सहसा कोणी नेत नाही. सपाट जमीन, गहू, बार्ली, डाळी, मैलोनमैल एकही टेकडी नाही. पण तिकडे ब्रिम नावाचं एक इवलंसं गाव आहे आणि त्या गावातल्या एका चित्रासाठी साडेतीनशे किलोमीटर गाडी हाकायला मी कधीही तयार असतो.

ब्रिमला रेल्वेच्या कडेला १९३९ साली बांधलेले काँक्रीटचे सायलो, म्हणजे धान्य साठवायचे उंच गोल मनोरे, आहेत. साधारण दहा मजली इमारतीच्या उंचीचे, एकमेकांना खेटून उभे. वापरातून गेलेले. त्यांच्यावर गीडो व्हॅन हेल्टन या चित्रकाराने चार शेतकरी रंगवलेत. तीन पुरुष, एक बाई, वेगवेगळ्या पिढ्यांचे. अंगावर कामाचे कपडे. कोणी हसत नाही, कोणी पोझ देत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये त्याने काम सुरू केलं आणि जानेवारी २०१६ मध्ये संपवलं. म्हणजे तिकडचा ऐन उन्हाळा, त्यात वारा, आणि हा क्रेनच्या पाळण्यात. शिवाय ते दिवस त्या भागात दुष्काळाचे होते. गावाकडे पैसा फारसा नव्हता. गावातल्याच लोकांनी पुढाकार घेतला आणि मेलबर्नच्या ज्युडी रोलर या स्ट्रीट आर्टवाल्या संस्थेने चित्रकार गाठून दिला.

हा माणूस जन्माने कॅनबेराचा. किशोरवयात ग्राफिटी करायचा, पुढे लिस्मोरच्या सदर्न क्रॉस विद्यापीठात कला शिकला, मुख्य विषय प्रिंटमेकिंग, म्हणजे ठशांवरून चित्रं छापायची कला. त्याच्या भिंती बघताना हे प्रिंटमेकिंग मला सारखं जाणवतं. रंग जवळजवळ नसतातच. करडा, तपकिरी, मातकट पांढरा. जुना कृष्णधवल फोटो काँक्रीटमध्ये मुरत गेलाय असं वाटतं.

काम करायची त्याची पद्धत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तो चित्र ठरवून येत नाही. आधी गावात येऊन राहतो, लोकांशी बोलतो, त्यांचे फोटो काढतो, आणि त्यातून चित्र ठरतं. एवढ्या उंचीवर आपण कोणाला चढवतो ते आठवून बघा. राजा, सेनापती, पुढारी किंवा सिनेमातला नट. ब्रिमच्या सायलोंवर ज्यांनी त्या सायलोंमध्ये गहू ओतला त्यांचीच माणसं आहेत आणि त्यांची नावंही चित्रासोबत दिलेली नाहीत. मला हे फार मोठं काम वाटतं. इथे राहणाऱ्यांनी तरी ते बघितलंच पाहिजे.

ज्यांनी पाहिलंय त्यांनी लिहा. त्याची बाकीची कामं कोणी पाहिली असतील तर तेही.

शिवार

मंदारदादा, छान धागा. मी ऑस्ट्रेलियाला आलेलो नाही, पण शेतकरी घरातला आहे म्हणून विचारतो. एवढी पक्की कोठारं रिकामी का पडली? आमच्याकडे माल ठेवायला जागा मिळत नाही आणि तिकडे काँक्रीटचे सायलो ओस, हे पटकन पचत नाही. तिकडची शेती मोडली का?

मंदार_मेलबर्न

शिवार, शेती मोडलेली नाही, तिचं रूप बदललं. पूर्वी रेल्वेमार्गावर दर काही मैलांवर सायलो असायचे, कारण शेतकरी लहान गाड्यांतून गहू आणायचा आणि त्याला जवळचं ठिकाण लागायचं. आता अजस्र ट्रक आहेत. धान्य कंपन्या मोजक्या मोठ्या केंद्रांवरच माल घेतात, तिथे प्रचंड ताडपत्र्यांखाली डोंगर रचतात आणि तिथूनच आगगाडी भरतात. छोट्या स्थानकांवरचे सायलो मागे पडले. शेतं एकत्र होऊन मोठी झाली, यंत्रं वाढली, माणसं कमी लागू लागली. मग शाळेत मुलं कमी, फुटबॉलचा संघ जमेना, बँकेची शाखा बंद. गहू पिकतोच आहे, गाव मात्र आटत गेलं.

म्हणून सायलोवरचं चित्र शहरातल्या भिंतीवरच्या चित्राहून वेगळं पडतं. सायलो हीच त्या गावातली सगळ्यात उंच वस्तू. लांबून गाव दिसायच्या आधी तो दिसतो.

शिवार

आता कळलं. आमच्याकडे गावातली जिनिंग बंद पडली तिची गोष्ट याच वळणाची आहे. तिच्या भिंतीवर मात्र आता फक्त जाहिराती असतात.

कुंचला

मी भिंतीवर काम करतो, लहान प्रमाणात. त्यामुळे तंत्राबद्दल थोडं.

सायलो हा चित्रकारासाठी अवघड पृष्ठभाग आहे. सपाट भिंतीवर चेहरा काढणं आणि गोल नळकांड्यावर काढणं यात जमीन-अस्मानाचा फरक. कडेला जाल तसा पृष्ठभाग मागे वळतो, त्यामुळे गाल आणि कान आकसतात. दोन सायलो जिथे भेटतात तिथे खोल खाच असते आणि तिच्यात दिवसभर सावली सरकत राहते. नाक किंवा डोळा त्या खाचेत गेला तर चेहरा दुभंगलाच. ब्रिमचे फोटो नीट बघा. माणसं कुठे उभी करायची आणि खाच कुठे पडू द्यायची याचा विचार लगेच दिसतो. त्यात बघणारा खालून बघतो. म्हणजे वरचा भाग त्याला दबलेला दिसणार. पाळण्यात उभं असताना चित्रकाराच्या डोळ्यांसमोर मात्र एका भुवईचा तुकडा असतो, बाकी काही दिसत नाही. खाली उतरायचं, लांब जाऊन बघायचं, परत वर.

प्रमाण साधायला हल्ली बरेच जण भिंतीवर आधी वेड्यावाकड्या खुणा, आकडे, अक्षरं मारून ठेवतात. मग भिंतीचा फोटो काढून त्याच्यावर आपलं रेखाटन चढवतात. कुठल्या खुणेपाशी डोळ्याचा कोपरा येतो ते फोनवर बघत रेषा मारायची. आपले पोस्टर रंगवणारे जुने लोक चौकटी आखायचे, त्याचीच ही पुढची पायरी. मोठ्या गोल भिंतीवर चौकटी आखणं वेळखाऊ असतं आणि खुणा कशाही मारल्या तरी चालतात.

रंगाबद्दल मंदारने लिहिलंय ते अगदी खरं आहे. उघडं काँक्रीट हाच त्याचा मधला सूर असतो. त्याहून गडद ते रंगवायचं, त्याहून उजळ ते रंगवायचं, बाकी काँक्रीटवर सोडायचं. पावसाचे जुने ओघळ, साच्याच्या पट्ट्या, डाग, सगळं चेहऱ्यात सामील होतं. हे करायला धीर लागतो. बहुतेक जण आधी पांढरा हात मारून भिंत कोरी करतात आणि तिथेच तिचं वय पुसतात.

आणखी एक. साधा ॲक्रिलिक रंग भिंतीवर पापुद्र्यासारखा बसतो. आतून ओल आली की सुटतो. सिलिकेटवर आधारलेले खनिज रंग काँक्रीटशी रासायनिक रीतीने जोडले जातात, पापुद्रा होतच नाही, भिंत श्वास घेत राहते. उघड्यावरच्या मोठ्या कामांसाठी जाणकार याच रंगांकडे वळताना दिसतात. आपल्या पावसाळ्यात तर दुसरा पर्याय दिसत नाही, पण महाग पडतात.

अनघा_पर्थ

मी त्याचं धरणावरचं काम पाहिलंय, म्हणून लिहितेच.

पर्थच्या दक्षिणेला, दोनेक तासांवर, कॉली नावाचं कोळशाच्या खाणींचं गाव आहे. त्याच्याजवळ वेलिंग्टन धरण. धरण १९३३ चं. त्याच्या भिंतीवर व्हॅन हेल्टनने २०२१ च्या सुरुवातीला ‘रिफ्लेक्शन्स’ हे चित्र पूर्ण केलं. आकार आठ हजार चौरस मीटर. धरणावरचं जगातलं सगळ्यात मोठं चित्र म्हणून त्याची ओळख दिली जाते. भिंत चौतीस मीटर उंच आणि साडेतीनशे मीटरहून लांब. वरून सोडलेल्या पाळण्यात बसून काही महिने काम चाललं होतं.

समोरच्या सज्जावरून बघितलं की आधी फक्त डाग दिसतात, मग हळूहळू माणसं सापडायला लागतात. पाण्यात खेळणारी मुलं, नदीकाठी जमलेली कुटुंबं. गावातल्या लोकांकडून जमवलेले जुने फोटो आणि आठवणी यांवरून ते केलंय, आणि तिथल्या मूळच्या नूंगार लोकांचं नदीशी असलेलं नातंही त्यात आहे. धरण भरून वाहतं तेव्हा पाणी चित्रावरूनच खाली येतं.

पण मला हलवून गेलं ते वेगळंच. कॉली गाव कोळशावर उभं राहिलंय आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारने आपली कोळशावरची वीजकेंद्रं २०३० पर्यंत बंद करायचं ठरवलंय. म्हणजे गावाला दुसरं पोट शोधायचं आहे. गावभर भित्तिचित्रं आणि टोकाला हे धरण, हा त्याच प्रयत्नाचा भाग आहे. सरकारचा पैसा आहे. नुसत्या चित्रांवर खाणकामगाराचा पगार भागेल असं कोणीच म्हणत नाही. तरी मी गेले होते तेव्हा चहाच्या दुकानातल्या आजी, आमच्या घरातला फोटो त्या भिंतीत आहे, असं अभिमानाने सांगत होत्या. आपल्या गावाची गोष्ट कोणाला तरी एवढी मोठी करून सांगावीशी वाटली, याचं मोल मला पैशात मोजता येत नाही.

त्या जलाशयाचं पाणी खारट झालंय. वरच्या भागातली जंगलं शेतीसाठी तोडली, जमिनीतलं मीठ वर आलं आणि नदीत उतरलं. त्यामुळे ते पिण्यासाठी वापरत नाहीत, शेतीला जातं. नदीच्या सुखाच्या आठवणी त्याच भिंतीवर आहेत. हे माहीत असलं की चित्र अधिक खोल जातं.

वाटसरू

सगळं वाचलं, चित्रं सुंदर आहेत यात वाद नाही. पण दोन गोष्टी कोणीतरी मांडायला हव्यात.

पहिली. ब्रिमचे चार शेतकरी भूमिपुत्र म्हणून एवढ्या उंचीवर उभे आहेत. ती भूमी शेतकऱ्यांच्या आधी कोणाची होती? विमेराच्या वोत्जोबालुक आणि इतर आदिवासी समूहांना त्यांच्या पारंपरिक हक्कांची न्यायालयीन मान्यता २००५ च्या डिसेंबरात मिळाली, व्हिक्टोरिया राज्यातली तशी ती पहिलीच. गव्हाच्या शेतीचा इतिहास त्या लोकांना हटवून सुरू होतो. मग सायलो हे कोणाचं स्मारक?

दुसरी. चित्रांमुळे गाव जगलं असं म्हटलं जातं. लोक येतात, गाडीतून उतरून फोटो काढतात आणि पुढच्या सायलोकडे जातात. गावात खर्च किती करतात?

मंदार_मेलबर्न

वाटसरू, पहिला मुद्दा अगदी योग्य आहे आणि त्याचं उत्तर त्याच रस्त्यावर थोडं दक्षिणेला उभं आहे. ब्रिमनंतर आजूबाजूच्या गावांनी आपापल्या सायलोंसाठी चित्रकार बोलावले आणि दोनशे किलोमीटरचा एक मार्गच तयार झाला. त्यातल्या शीप हिल्सच्या सायलोंवर मेलबर्नचा चित्रकार ॲडनेट याने २०१६ च्या शेवटी तिथल्या आदिवासी समाजातल्या दोन वडीलधाऱ्यांचे आणि दोन मुलांचे चेहरे रंगवले, मागे तारांनी भरलेलं आकाश. तिथल्या समाजाशी बोलून, त्यांच्या संमतीने. गर्द निळा, जांभळा, लाल. ब्रिमच्या मातकट रंगांनंतर ते समोर आलं की माणूस गप्प होतो. मी म्हणेन की ही दोन्ही चित्रं एकाच दिवशी बघावीत. ब्रिम एकटं बघितलं तर तुमचा आक्षेप पूर्ण लागू आहे.

दुसऱ्या मुद्द्यावर मी तुमच्याशी अर्धाच सहमत आहे. बरेच लोक फोटो काढून निघून जातात, खरं आहे. पण ब्रिमला ओढ्यावरच्या बंधाऱ्याजवळ तंबू आणि कॅराव्हॅन लावायची सुंदर जागा आहे आणि तिथे मुक्काम करणारे दिसतात. वाटेतल्या वॉरॅकनबीलमध्ये जेवण, पेट्रोल, खोली, सगळं घेतलं जातं. शिवाय चित्र काढायची मूळ प्रेरणा पर्यटन नव्हतीच. दुष्काळात खचलेल्या गावाला काहीतरी एकत्र मिळून करायचं होतं. पुढे काय होईल हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. ऑस्ट्रेलियातलं हे पहिलं सायलोचित्रही नव्हे, पश्चिमेत नॉर्थमला २०१५ मध्येच दोन परदेशी चित्रकारांनी सायलो रंगवले होते. पण ब्रिमनंतर लाट आली. आज देशभरात साठाहून जास्त सायलो रंगवलेले आहेत. २०१८ मध्ये टपाल खात्याने सायलोचित्रांची तिकिटं काढली, त्यात ब्रिम आहे.

लाटेत सगळंच चांगलं निपजलं असं नाही. काही ठिकाणी नुसते पोपट, कांगारू आणि सूर्यास्त आहेत. गावाशी बोलायचं राहून गेलं की असं होतं.

वाटसरू

शीप हिल्सचं माहीत नव्हतं. आत्ता फोटो शोधून पाहिले. तुमचं म्हणणं मान्य.

तिसरी_घंटा

नाटकवाल्यांसाठी एक भर घालते. व्हॅन हेल्टन जगभर माहीत झाला तो बऱ्याच अंशी आइसलंडमधल्या कामामुळे, ब्रिमच्याही आधी. रेक्याविकमध्ये बंदराकडच्या एका जुन्या औद्योगिक इमारतीवर त्याने माणसांच्या मोठमोठ्या आकृत्या रंगवल्या. त्या तिथल्या रंगभूमीवर १९६१ मध्ये झालेल्या सार्त्रच्या ‘नो एक्झिट’ नाटकाच्या प्रयोगातल्या छायाचित्रांवरून घेतल्यात. नाटक संपलं की प्रयोग उरत नाही, हे आपल्याला सगळ्यांना माहीत असलेलं दुःख. कोणी एक परका चित्रकार येतो, गावाच्या संग्रहातून एका जुन्या प्रयोगाचे फोटो काढतो आणि नटांना वाऱ्यापावसात उभं करतो. मला त्याचं हेच काम सर्वात जवळचं.

चेर्नोबिलचंही लिहायला हवं. २०१६ मध्ये, दुर्घटनेला तीस वर्षं झाली तेव्हा, तिथल्या अर्धवट राहिलेल्या पाचव्या अणुभट्टीच्या शीतकरण मनोऱ्याच्या आत त्याने चित्र काढलं. इगोर कोस्तिन या छायाचित्रकाराच्या फोटोवरून. कोस्तिनने दुर्घटनेनंतरच्या दिवसांत तिथले फोटो काढले होते आणि तो २०१५ मध्ये वारला. जिथे कोणी राहत नाही तिथे चित्र काढायचं, कोणासाठी? मी यावर बरीच थांबले. मला वाटतं ते चित्र कोस्तिनला केलेलं वंदन आहे, बघणाऱ्यांची गरज त्याला नसावी.

नॅशव्हिलकर

आमच्याकडेही त्याचं एक आहे. अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या ‘द नेशन्स’ या जुन्या कामगार वस्तीत एक जुना सायलो उभा होता, त्याच्यावर २०१७ मध्ये त्याने वस्तीतल्या एका नव्वदी ओलांडलेल्या आजोबांना रंगवलं. दुसऱ्या बाजूला वस्तीतली मुलं. वस्ती झपाट्याने बदलते आहे. जुनी बैठी घरं पाडून उंच अरुंद घरं येताहेत, भाडी वाढताहेत, जुनी माणसं निघून चालली आहेत. आजोबांच्या चेहऱ्यामुळे त्या भागाचं नाव आणखी झालं आणि नवीन दुकानं त्या सायलोचा फोटो आपल्या जाहिरातीत टाकू लागली. चित्रकाराला हे नको असणार, पण होतं. मी नव्याने आलेल्यांपैकीच आहे, म्हणून रोज ते चित्र बघताना हा विचार येतोच.

कलम_दवात

नॅशव्हिलकरांनी जाहिरातीचा विषय काढला म्हणून कायद्याचं थोडं सांगतो.

ऑस्ट्रेलियाच्या १९६८ च्या कॉपीराइट कायद्यात सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचा किंवा इमारतीचा फोटो काढून वापरायला मोकळीक आहे. भिंतीवरच्या चित्राला ती मोकळीक लागू होत नाही. आठवण म्हणून फोटो काढणाऱ्यामागे कोणी लागत नाही, पण तो फोटो मगवर, कॅलेंडरवर छापून विकायचा तर चित्रकाराची परवानगी लागते. खुद्द गावालासुद्धा! गावाने चित्र काढून घेतलं म्हणजे चित्राचे हक्क गावाकडे आले असं होत नाही, करारात काय लिहिलंय ते बघावं लागतं. बऱ्याच गावांना हे उशिरा कळतं. शिवाय तिथे २००० पासून चित्रकाराचे नैतिक हक्कही कायद्यात आहेत, म्हणजे नाव दिलं जाण्याचा आणि कामाची विटंबना न होण्याचा हक्क.

आपल्याकडेही हा हक्क आहे. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सेहगल यांचं कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून गोदामात टाकलं गेलं होतं. त्यांनी दावा लावला आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. भिंत सरकारची असली तरी कलाकृतीबाबत मन मानेल तसं वागता येत नाही, हे त्यातून पक्कं झालं. भित्तिचित्र करणाऱ्या प्रत्येकाने तो निकाल वाचावा.

कुंचला

कलम_दवात, तुमचे खूप आभार. आम्हा लोकांना करार म्हटलं की अंगावर काटा येतो, कोणी समजावून सांगत नाही. नवीन मुलांसाठी यावर वेगळा धागा काढाल का? भिंतीचा मालक बदलला तर काय, पुन्हा रंगवायचं झालं तर खर्च कोणाचा, असे बरेच प्रश्न आहेत. ब्रिमसारखी चित्रं तिकडच्या कडक उन्हात कधी ना कधी विटणारच. तेव्हा मूळ चित्रकाराला बोलवायचं, दुसऱ्याकडून डागडुजी करायची, की विटू द्यायचं? माझा कौल विटू द्यायला आहे. ज्या चित्रात काँक्रीटचं वय सामावून घेतलंय त्याचं स्वतःचंही वय दिसू द्यावं.

अनघा_पर्थ

मी असहमत, कुंचला. ज्या गावाची ओळखच आता ते चित्र आहे, त्याला विटू द्या म्हणणं आपल्याला सोपं आहे. गावाला विचारलं पाहिजे.

कलम_दवात

धागा काढतो. थोडा वेळ द्या.

सुमेधा_जी

आम्ही सप्टेंबरच्या सुट्टीत मुलांना घेऊन जायचा विचार करतोय. मंदार, मार्ग सांगाल का? दोन दिवसांत होईल का? मुलं आठ आणि अकरा वर्षांची.

मंदार_मेलबर्न

सुमेधाताई, सप्टेंबर उत्तम, कॅनोला (मोहरीसारखं तेलबियांचं पीक) फुललेला असतो, शेतं पिवळी धमक दिसतात. दोन दिवसांत आरामात होतं.

वेस्टर्न हायवेने बॅलरॅट, स्टॉवेल, तिथून आत वळून रुपन्यप. तिथे रशियन चित्रकर्ती जूलिया वोल्चकोवाने स्थानिक खेळाडू रंगवलेत. मग शीप हिल्स, वॉरॅकनबीलला जेवण, दुपारी ब्रिम. मुक्काम ब्रिमला नाहीतर होपटनला. दुसऱ्या दिवशी रोझबेरी, लॅसेल्स आणि पॅचवॉलॉक. लॅसेल्सला घाई करू नका. तिथे रोन या चित्रकाराने एक शेतकरी जोडपं काढलंय, रंगात पाणी मिसळून इतकं पातळ केलंय की चेहरे काँक्रीटमधून वर येताहेत असं वाटतं. पॅचवॉलॉकला फिंटन मगीने काढलेला निळ्या शर्टातला उंच शेतकरी मुलांना नक्की आवडेल.

पेट्रोल वॉरॅकनबीलला भरून घ्या, पुढे पंप विरळ आहेत. संध्याकाळ झाली की गाडी हळू चालवा, कांगारू रस्त्यावर येतात. आणि कधी ॲडलेडला गाडीने जाणं झालं तर वाटेत कूनलपिन लागतं. तिथे व्हॅन हेल्टनने २०१७ मध्ये गावच्या शाळेतली पाच मुलं रंगवलीत, तुमच्या मुलांच्याच वयाची. ते सायलो अजून वापरात आहेत, त्यामुळे हंगामात ट्रकांची ये-जा असते. गाडी लांब लावून चालत जा.